काठिण्य कोठे असते? : प्रगत पियानो-रचनेच्या पूर्वपरीक्षेची मीमांसा

एखादी रचना शिकावयास घेण्यापूर्वी ती कितपत कठीण आहे हे ठरविणे, हे पियानोच्या प्रगत विद्यार्थ्याला टाळता न येणारे काम आहे. प्राथमिक अवस्थेत या प्रश्नाचा भार शिक्षकाने उचललेला असतो. पाठ्यक्रमातील एक रचना संपली की दुसरी पुढे येते, आणि विद्यार्थ्याने निवड करावी असा प्रसंग क्वचितच येतो. पुढे मात्र रचना मोठ्या होतात, एकेका रचनेवर महिनेच्या महिने खर्ची पडू लागतात, आणि निवडीचा निर्णय अभ्यासाइतकाच महत्त्वाचा ठरतो. निवड चुकली तर होणारे नुकसान दोन प्रकारचे असते. न झेपणारी रचना घेतल्यामुळे वेळ आणि उमेद वाया जाते, हे सर्वांच्या ध्यानात येते. परंतु जी रचना सहज साध्य झाली असती ती केवळ तिच्या दबदब्यामुळे दूर ठेवली जाते, हे दुसरे नुकसान कोणाच्याही हिशेबात येत नाही. कारण न शिकलेल्या रचनेची नोंद कोठेच राहत नाही.

पहिल्या प्रकारचे नुकसान केवळ वेळेपुरते मर्यादित राहते असेही नाही. मॉस्कोच्या संगीत-विद्यालयात शिकत असताना अलेक्सांद्र स्क्रियाबिन याने १८९१ साली लिस्टची 'डॉन हुआन' वरील फँटसी आणि बालाकिरेवची 'इस्लामेय' या दोन रचनांचा अतिरेकी सराव केला व त्यात त्याचा उजवा हात दुखावला. पुढे तो हात पुष्कळ अंशी सावरला आणि स्क्रियाबिन वादक म्हणूनही नावारूपास आला, ही गोष्ट खरी. तथापि १८९४ मधील त्याच्या ऑपस ९ या केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या दोन रचना त्या दुखापतीची साक्ष आजही देतात. स्क्रियाबिनच्या अंगी गुण कमी होते असे कोणीही म्हणणार नाही. म्हणजे पूर्वपरीक्षेची गरज केवळ मध्यम प्रतीच्या विद्यार्थ्यालाच असते, हा समज टिकण्यासारखा नाही.

या गरजेपोटी काठिण्याची अंकांत मांडणी करण्याची पद्धत रूढ झाली. मुंबई, पुणे आणि गोवा येथील पियानो शिकणाऱ्यांना लंडनच्या परीक्षामंडळांच्या आठ इयत्ता परिचित आहेत. म्युनिकची हेन्ले ही प्रकाशनसंस्था आपल्या पियानो-कृतींना एक ते नऊ असे अंक देते; त्यांपैकी पहिले तीन सोप्या, मधले तीन मध्यम आणि शेवटचे तीन कठीण रचनांसाठी आहेत. असे अंक जाणकारांनी विचारपूर्वक दिलेले असतात आणि खालच्या पायऱ्यांवर त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. तिसऱ्या पायरीवरील विद्यार्थ्याने आठव्या पायरीची रचना घेऊ नये, एवढे सांगण्यास अंक समर्थ आहे. परंतु प्रगत विद्यार्थ्याचा प्रश्न असा नसतो. त्याच्यापुढील चार रचना बहुधा एकाच किंवा लगतच्या अंकाच्या असतात, आणि त्यांपैकी कोणती आपल्या हाताला साधेल हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. शिवाय नऊच्या वर पायरी नसल्यामुळे त्या पायरीवर जे जे येईल ते सारे एकाच मापाचे दिसू लागते. अंगात ताप किती अंश आहे हे सांगितल्याने रोग कोणता हे कळत नाही. त्याचप्रमाणे अंकाने काठिण्याची मात्रा सांगितली तरी त्याची जात कळत नाही.

अंकाहूनही अधिक दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे रचनेची कीर्ती. बालाकिरेवने 'इस्लामेय' १८६९ मध्ये लिहिली आणि अल्पावधीतच ती अवघडपणाचा मानदंड होऊन बसली. मोरिस राव्हेलने १९०८ मध्ये 'गास्पार द ला न्वी' रचताना त्यातील तिसरा भाग 'स्कार्बो' हा 'इस्लामेय'पेक्षाही कठीण करण्याचा हेतू बोलून दाखविला होता. या दोन रचनांची नावे तेव्हापासून जोडीने घेतली जातात. परंतु ही कीर्ती म्हणजे वस्तुतः रचनाकारांमधील स्पर्धेचा इतिहास आहे; शिकणाऱ्याच्या हाताविषयी ती काहीच सांगत नाही. 'स्कार्बो'मध्ये एकच स्वर अतिशय जलद पुनःपुन्हा वाजवावा लागतो, हात एकमेकांत गुंततात, दूरच्या पट्ट्यांवर झेप घ्यावी लागते. याच कृतीतील दुसरा भाग 'ल जिबे' मात्र अत्यंत संथ आहे. त्यात एक कोमल स्वर सप्तकाच्या जोडीने आरंभापासून अखेरपर्यंत घंटेसारखा वाजत राहतो, आणि त्याच्याभोवती इतर स्वरसंघात येतात व जातात. बोटांना येथे धावावे लागत नाही. तरीही त्या घंटेचा नाद कोठेही न वाढविता, न घटविता, भोवतालच्या प्रत्येक थराला वेगळे वजन देणे ही गोष्ट अनेक चपळ वादकांना साधत नाही. एकाच कृतीच्या दोन भागांना एकाच शब्दाने 'कठीण' म्हणावयाचे, तर तो शब्द किती सैल आहे हे यावरून स्पष्ट होईल.

तेव्हा काठिण्य किती, हे विचारण्याआधी ते कोठे असते, हे विचारले पाहिजे. सर्वसामान्य समजूत अशी की ते स्वरलेखात, म्हणजे छापील पानावर असते. पान काळेभोर दिसले की रचना कठीण, पान मोकळे दिसले की सोपी, असा निर्णय डोळा क्षणार्धात देऊन टाकतो. हा निर्णय लिपीचा असतो, वादनाचा नव्हे. लिपी उच्चारातील सर्व भेद दाखवीत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. मराठीत 'चार' आणि 'चारा' या शब्दांतील 'च' एकाच अक्षराने लिहिला जातो. उच्चारात मात्र पहिला तालव्य व दुसरा दंत्य आहे. मराठी भाषिकाला हा भेद कानाने माहीत असल्यामुळे लिपीच्या मौनाची अडचण वाटत नाही. परभाषिक मात्र नेमका तेथेच अडखळतो. स्वरलेखनाची स्थिती अशीच आहे. कोणता स्वर, किती काळ, एवढे ते दाखविते. तो स्वर कोणत्या बोटाने आणि हाताच्या कोणत्या स्थितीत काढावयाचा, हे बहुधा दाखवीत नाही. आणि कित्येकदा लिपीतील सोपेपणा हा हाताच्या दृष्टीने अवघडपणाच असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शोपँच्या अध्यापनात सापडते. लिपीच्या दृष्टीने सी मेजर ही स्वरमालिका सर्वांत सोपी. तिच्यात एकही तीव्र वा कोमल चिन्ह नाही, सर्व पट्ट्या पांढऱ्या. म्हणून बहुतेक पाठ्यपुस्तके तिच्यापासून आरंभ करतात. शोपँ मात्र आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम बी मेजर देत असे. तिच्यात पाच तीव्र चिन्हे असल्यामुळे ती वाचावयास बोजड. पण तीत लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढऱ्यांवर पडतो, त्यामुळे हाताची ठेवण नैसर्गिक राहते. सी मेजरच्या सपाट पट्ट्यांवर हाताला असा आधार मिळत नाही, म्हणून ती स्वच्छ वाजविणे अधिक जिकिरीचे. शोपँच्याच ऑपस १० मधील पाचवी एत्यूद सहा कोमल चिन्हांनी वाचकाला भिववते. परंतु तिच्यातील उजवा हात एक स्वर वगळता केवळ काळ्या पट्ट्यांवर चालतो, आणि एकदा वाचन पार पडले की हाताला ती अपेक्षेहून अधिक अनुकूल वाटते. 'काळी चार' आणि 'पांढरी एक' यांत हात कसा बदलतो हे जाणणाऱ्या हार्मोनियम-वादकाला यात नवल वाटणार नाही. वाचनाचे काठिण्य आणि हाताचे काठिण्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिले काही आठवड्यांत विरते. दुसरे कदाचित कधीच विरत नाही. पूर्वपरीक्षेत या दोहोंची गल्लत झाली तर निर्णय हमखास चुकतो.

पानाचा दिसणारा भार फसवा असेल तर मोजदाद तरी विश्वसनीय मानावी काय? सेकंदाला किती स्वर वाजवावयाचे हे काढता येते आणि त्यावरून रचनांची प्रतवारी करावी असे सहज सुचते. शोपँच्या ऑपस १० मधील पहिल्या एत्यूदला पाव-स्वराचे १७६ ठोके दर मिनिटाला अशी लय दिली आहे. प्रत्येक ठोक्यात चार स्वर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.७ स्वर. दुसऱ्या एत्यूदची लय १४४. म्हणजे सेकंदाला ९.६ स्वर. या हिशेबाने दुसरी सोपी ठरावयास हवी. पण पहिलीत हात पट्ट्यांवर पसरत व आवळत जातो आणि पाचही बोटे आळीपाळीने काम करतात. दुसरीत अर्धस्वरांची अखंड धावती ओळ मध्यमा, अनामिका आणि करंगळी या तिघींवर सोपविलेली आहे, कारण अंगठा व तर्जनी त्याच हाताने खालचे स्वरसंघात छेडण्यात गुंतलेली असतात. दुर्बळ बोटांनी एकमेकींना ओलांडत जावयाचे, तेही हात न आखडता, अशी ही योजना आहे. तिला पहिलीहून सोपी म्हणणारा वादक विरळाच. रुडॉल्फ फ्लेश याने १९४८ मध्ये इंग्रजी गद्याच्या सुबोधतेचे जे सूत्र मांडले, ते वाक्यांची सरासरी लांबी आणि शब्दांतील अवयवांची सरासरी संख्या यांवर आधारलेले आहे. लहान वाक्यांत आणि लहान शब्दांत लिहिलेला गहन विचार त्या सूत्राला सोपाच दिसतो. स्वरांच्या मोजणीचा दोष नेमका तोच आहे. जे मोजता येते ते ती मोजते आणि जे मोजता येत नाही ते नाहीच असे गृहीत धरते.

लय हा तर काठिण्याचा असा घटक आहे की तो बदलताच रचनाच बदलते. बेथोव्हेनने १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑपस १०६ या सोनाटाच्या पहिल्या भागाला अर्ध-स्वराचे १३८ ठोके अशी लय स्वतः दिली. अनेक थोर वादकांनी हा भाग त्याहून बराच संथ वाजविला आहे. संथ लयीत त्यातील उड्या आवाक्यात येतात, परंतु दीर्घ वाक्याचा ताण टिकवून धरणे कठीण होते. म्हणजे लय कमी केल्याने काठिण्य नाहीसे होत नाही. ते बोटांकडून मनाकडे सरकते.

काठिण्य पानावर नाही याचा आणखी एक पुरावा वाद्याच्या इतिहासात आहे. बेथोव्हेनच्या ऑपस ५३ या सोनाटाच्या अखेरच्या भागात सप्तकाच्या जोडस्वरांनी पट्ट्यांवरून घसरत जाण्याचे स्थळ आहे. त्या काळच्या व्हिएन्नातील पियानोच्या पट्ट्या हलक्या आणि कमी खोल दबणाऱ्या असल्यामुळे ते सुकर होते. आजच्या जड पट्ट्यांवर तेच स्थळ जवळजवळ असाध्य होते, आणि अनेकांना तेथे निराळी युक्ती योजावी लागते. एकही स्वर बदललेला नाही, तरी काठिण्य बदलले. लिस्टच्या बारा एत्यूदांचा प्रवासही लक्षणीय आहे. १८२६ मध्ये त्या बालवयातील साध्या अभ्यासरचना म्हणून प्रसिद्ध झाल्या. १८३० नंतरच्या दशकात त्यांना अवाढव्य आणि अतिशय दुर्घट रूप आले. १८५१ च्या तिसऱ्या पाठात लिस्टने त्या पुन्हा आटोपशीर केल्या आणि दहा पट्ट्यांहून अधिक ताण मागणारी स्थळे काढून टाकली. नावाला एकच असलेल्या रचनेचा कोणता पाठ हाती आहे, हे न पाहता तिच्या काठिण्याविषयी बोलणे व्यर्थ होय.

आता हाताकडे वळावयाचे. आजच्या पियानोवर एका पांढऱ्या पट्टीची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते; म्हणजे सप्तकाचा ताण पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेसोळा सेंटिमीटरांच्या आसपास आणि दहा पट्ट्यांचा ताण एकवीस सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरतो. दहाव्या पट्टीपर्यंत आरामात पोहोचणाऱ्या हाताला जे स्वरसंघात साधे, तेच सप्तकापाशी थांबणाऱ्या हाताला मोडून वाजवावे लागतात. योजेफ होफमान याच्यासाठी स्टाइनवे या कारखान्याने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनविले होते, यावरून हा प्रश्न केवळ नवशिक्यांचा नाही हे दिसते. उलटपक्षी स्पेनची आलिसिया दे लारोचा हिचे हात लहान असूनही आल्बेनिथच्या 'इबेरिया'सारख्या भरगच्च कृतीची ती श्रेष्ठ वादक मानली गेली. म्हणून हाताची लांबी हाही अंतिम निकष नव्हे. पंजा किती पसरतो याबरोबरच तो पसरून पुन्हा किती लवकर सैल होतो, हे पाहावे लागते.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा की काठिण्य हा रचनेचा गुणधर्म नसून रचना आणि वादक यांच्यातील संबंध आहे. परभाषेच्या अध्यापनशास्त्रात या विचाराची एक शिकवण आधीच मिळालेली आहे. रॉबर्ट लाडो याने १९५७ मध्ये असे प्रतिपादिले की शिकणाऱ्याची मातृभाषा आणि शिकावयाची भाषा यांची तुलना केली म्हणजे कोणता भाग सोपा व कोणता कठीण जाईल हे आधी सांगता येते. जेथे साम्य तेथे सोपे, जेथे भेद तेथे कठीण. काठिण्य भाषेत नसून दोन भाषांच्या संबंधात आहे, हा त्यातील मोलाचा भाग होय. परंतु पुढील अभ्यासकांना असे आढळले की भाकीत केलेल्या पुष्कळ चुका घडतच नाहीत, आणि जेथे साम्य आहे तेथेच अनपेक्षित चुका होतात. हिंदी शिकणारा मराठी माणूस लिपीच्या व शब्दांच्या साम्यामुळे निर्धास्त असतो आणि लिंगभेदाच्या वापरात फसतो. पियानोच्या बाबतीतही हेच घडते. शोपँच्या अनेक रचना वाजविलेला विद्यार्थी स्क्रियाबिनच्या आरंभीच्या कृती हाती घेतो. त्यांचे बाह्यरूप परिचयाचे असते, पण डाव्या हाताकडून होणारी मागणी वेगळीच निघते. याउलट बाखच्या फ्यूगची ज्याला सवय आहे, त्याला ऑपस १०६ मधील अखेरच्या भागाचे स्वरूप तितके परके वाटत नाही. परिचय हा सोपेपणाचा पुरावा नव्हे. तो फार तर चौकशीचा आरंभ होय.

असे असेल तर पूर्वपरीक्षा करावयाची कशी? केवळ तर्काने ती पूर्ण होणार नाही आणि केवळ वाजवून पाहिल्यानेही नाही. प्रथम वाद्यापासून दूर बसून संपूर्ण स्वरलेख वाचावा आणि सर्वांत अवघड वाटणारी चार-पाच स्थळे निवडावी. पहिल्या पानावरून मत बनविणे हा नेहमीचा दोष आहे. शोपँच्या ऑपस १० मधील तिसरी एत्यूद शांत, गेय सुरावटीने उघडते. तिच्या मध्यभागातील जोडस्वरांच्या धावत्या रांगा पाहिल्याखेरीज तिच्याविषयी बोलणेच शक्य नाही. नंतर ती निवडलेली स्थळे वाद्यावर, बोटांची योजना निश्चित करून, संथ लयीत वाजवावी. आणि त्यांतील केवळ दोन-तीन मात्रांचा तुकडा अपेक्षित लयीत वाजवून पाहावा. संथ लयीत साधणारी योजना द्रुत लयीत मोडत असेल, तर दोष सरावाच्या उणिवेचा नसून योजनेचाच असण्याचा संभव मोठा. तोच तुकडा काही वेळा पुन्हा वाजवून मनगट व कोपरापर्यंतचा हात आखडतो काय याकडे लक्ष द्यावे. आखडत असेल तर तेथेच थांबावे. शेवटी दुसऱ्या दिवशी, पान न उघडता, त्यांपैकी काय आठवते ते पाहावे. हाताला सोपी असलेली रचना स्मरणाला कठीण असू शकते, आणि रंगमंचावर वादक बहुधा स्मरणातच अडतो.

या परीक्षेचा निकाल अंकाने न लिहिता वाक्याने लिहावा. 'नऊपैकी आठ' या निकालातून पुढचे पाऊल सुचत नाही. 'वाचन अवघड, पण हाताला अनुकूल. मध्यभागी अनामिका व करंगळी थकतात. अखेरच्या दोन पानांत स्मरणाचा धोका' अशा निकालातून अभ्यासाची दिशाही ठरते आणि ही रचना आता घ्यावी की वर्षाने घ्यावी, हेही ठरते. अनेकदा असे दिसेल की तीन प्रकारांचे काठिण्य आटोक्यात आहे आणि चौथे नाही. मग त्या चौथ्यासाठी एखादी लहान रचना मध्ये घालून वाट करता येते. कीर्तीला भिऊन रचना सोडून देणारा, किंवा कीर्तीला भुलून ती घेणारा, यांपैकी कोणालाही ही वाट दिसणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्याला अशी परीक्षा करता येईल तो आधीच निष्णात असणार. नवख्याला काय कठीण जाईल हे त्याला स्वतःला कळणार नाही, म्हणून शिक्षकाचा अनुभव हाच एकमेव आधार होय. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. शिक्षकाला अनेक विद्यार्थ्यांचे हात माहीत असतात, पण त्यांतील प्रत्येक हात आतून कसा जाणवतो हे त्याला माहीत नसते. आखडलेपणाची पहिली जाणीव ज्याचा हात त्यालाच होते; आणि वरिष्ठांच्या अधिकारामुळे किंवा स्वतःच्या महत्त्वाकांक्षेमुळे तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर १८९१ चा प्रसंग पुन्हा घडावयास वेळ लागत नाही. शिक्षकाने दिशा दाखवावी आणि विद्यार्थ्याने आपल्या हाताची साक्ष प्रामाणिकपणे द्यावी, अशी विभागणी युक्त ठरेल. पूर्वपरीक्षेचे कौशल्य हे शिक्षणाच्या अखेरीस आपोआप लाभणारे फळ नाही. तो शिक्षणाचाच भाग आहे, आणि इतर भागांप्रमाणे तोही शिकवावा लागतो. श्रेणीच्या याद्या त्याला पूरक ठरतील. त्याची जागा घेण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही.